एकच शेत, पुन्हा पुन्हा: इंग्लंडमध्ये मेटल डिटेक्टिंग जमवायचे कसे

नवा मेटल डिटेक्टर घेतलेल्यांचे पहिल्या वर्षी साधारण दोन प्रकार होतात. काही जण सहा महिन्यांत त्याहून महाग यंत्र घेतात. बाकीचे दर रविवारी नवे शेत गाठतात. पिशवीत मात्र दोघांच्याही तेच पडते: खिळे, काडतुसांच्या पितळी टोप्या, ॲल्युमिनियमचे कपटे आणि चेहरा पुसून गेलेली एखादी जुनी तांब्याची पेनी.

इंग्लंड-वेल्समध्ये नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या आपल्या मंडळींमध्ये हा छंद हळूहळू रुजतो आहे आणि त्यात नवल काही नाही. गडकिल्ले फिरायची सवय असते, चालायला आवडते, इतिहासाचे वेड घरूनच आलेले असते. त्यांच्यासाठी हा लेख आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: एक शेत धरा, ते सोडू नका आणि त्यात जे जे सापडेल ते नकाशावर मांडत जा. यंत्र त्यानंतर येते.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांनी मात्र गडाच्या पायथ्याशी डिटेक्टर फिरवण्याचा बेत करू नये. भारतात १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट आजही लागू आहे. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून जास्त किमतीचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुन्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात आणि संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवान्याशिवाय उकरणे हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. गुप्तधनाच्या नादापायी उखडलेली वाड्यांची जोती आपण गडांवर पाहतोच. त्यात भर नको.

ब्रिटनमध्येही सगळीकडे एकच नियम नाही. पुढचे सगळे इंग्लंड आणि वेल्सबद्दल आहे. स्कॉटलंडमध्ये सापडलेल्या जुन्या वस्तूंवर राजसत्तेचा हक्क असतो आणि त्या कळवाव्याच लागतात. उत्तर आयर्लंडमध्ये पुरातन वस्तूंसाठी खणायला परवाना लागतो, तर आयर्लंड प्रजासत्ताकात सरकारी संमतीशिवाय अशा वस्तूंसाठी डिटेक्टर वापरताच येत नाही. सुट्टीला तिकडे जाताना यंत्र घरी ठेवा.

आधी बांधावर जाऊन विचारा

इंग्लंडमध्ये प्रत्येक तुकड्याला मालक आहे. सार्वजनिक पायवाट शेतातून जात असली तरी तुम्हाला हक्क चालण्याचा आहे, खणण्याचा नाही. नगरपालिकांच्या बागांना बहुतेक ठिकाणी मनाई असते, नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या जमिनीवरही सर्वसाधारणपणे परवानगी मिळत नाही. उरते ते खासगी शेत, आणि तिथे मालकाची लेखी संमती हवी. जमीन कुळाने कसायला घेतली असेल तर दोघांची.

लोक पत्रे पाठवतात, ईमेल करतात. माझ्या मते प्रत्यक्ष जाऊन दोन मिनिटे बोलणे हजार पटींनी बरे. वेळ मात्र नीट निवडा. ऑगस्टमध्ये कापणी चालू असते, ऑक्टोबरात पेरणीची घाई, वसंतात मेंढ्यांच्या विणीचा हंगाम. जानेवारी-फेब्रुवारीतल्या कोरड्या दुपारी शेतकरी त्यातल्या त्यात निवांत असतो. स्वतःचे नाव, राहता कुठे, काम काय करता हे आधी सांगा. नॅशनल काउन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचे सदस्यत्व घेतले की सार्वजनिक दायित्वाचा विमा मिळतो, ते कार्ड खिशात असू द्या. शेतकऱ्याला धास्ती असते ती उघड्या राहिलेल्या फाटकाची, तुडवलेल्या पिकाची आणि त्याच्या मागे चोरून रात्री येणाऱ्या टोळ्यांची. या तिन्हींबद्दल त्याने विचारण्याआधी तुम्हीच बोला. आणखी एक गोष्ट हमखास उपयोगी पडते: "शेतात काही हरवलं असेल तर सांगा, शोधून देतो." ट्रॅक्टरच्या पिना, साखळ्या, नांगराचे तुटलेले फाळ शेतात कायम हरवत असतात, आणि यंत्रात अडकले की हजारो पौंडांचे नुकसान करतात.

होकार मिळाला की एक पानी करार करा: कोणती शेते, कोणत्या काळात, आणि सापडलेल्या वस्तूंच्या किमतीची वाटणी कशी. निम्मे-निम्मे ही रूढ पद्धत आहे. काहीच मौल्यवान सापडणार नाही असे गृहीत धरून करार टाळणारे पुढे भांडतात.

मग डेफ्रा या पर्यावरण-शेती खात्याचा 'मॅजिक' नावाचा सरकारी नकाशा उघडून ते शेत तपासा. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत मालकाची परवानगी असली तरी चालत नाही. इंग्लंडमध्ये १९७९ च्या कायद्यानुसार तिथे अधिकृत संमतीशिवाय डिटेक्टर वापरणे हाच गुन्हा, आणि वेल्समध्येही. निसर्गसंवर्धनासाठी राखलेले भाग आणि शेतकऱ्याने सरकारशी केलेले पर्यावरण करार यांच्याही अटी असतात.

नाणे त्या शेतात आले कसे?

हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय शेतात पाऊल टाकू नये, असे मी नव्या माणसाला सांगतो. धातूची वस्तू शेतात येण्याचे मोजके मार्ग आहेत. तिथे कधी वस्ती होती. तिथून वाट जात होती. तिथे जत्रा-बाजार भरायचा. कोणी मुद्दाम पुरले. किंवा, आणि हे सर्वांत जास्त वेळा, ती शेणखतातून आली.

मध्ययुगीन इंग्लिश खेड्यात घरातला केरकचरा, राख, गोठ्यातले शेण सगळे एकाच उकिरड्यावर जाई आणि पेरणीआधी गाडीतून शेतात पसरले जाई. गवतात पडलेले बटण, तुटलेला पट्ट्याचा बक्कल, बोटांतून निसटलेली चांदीची पेनी असे सगळे त्याच गाडीतून शेतात आले. आपल्याकडे गावाच्या जवळच्या रानात खापऱ्या सापडतात त्याचे कारणही हेच. अशा शेतात वस्तू विरळ आणि सारख्या विखुरलेल्या असतात. वस्तीच्या जागी त्या दाटीने एकत्र येतात. दोन्हींतला फरक एका फेरीत कळत नाही, पाच-सहा फेऱ्यांच्या नोंदींतून कळतो. एक शेत धरा असे मी म्हणतो ते यासाठी.

घरबसल्या करायचा अभ्यास असा. एकोणिसाव्या शतकातले ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा संस्थेचे नकाशे, मैलाला सहा इंच या प्रमाणाचे, नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात, आणि आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवून जुळवता येतात. त्यावर बुजलेल्या पायवाटा, पाडलेली घरे, विहिरी, मोडलेले बांध दिसतात. दोन शेते जोडताना बांध काढला गेला असेल तर त्या जुन्या बांधाची रेघ आवर्जून तपासा. माणसे बांधाच्या सावलीत बसून जेवत, तिथे वस्तू पडत.

त्याहून जुनी माहिती हवी तर टाइथ नकाशे. १८३६ च्या कायद्याने चर्चचा दशांश कर रोखीत बदलला, तेव्हा शेताशेताचा नकाशा आणि सोबत यादी तयार झाली. यादीत शेतांची नावे आहेत, आणि नावे बोलतात: चॅपल फील्ड, फेअर फील्ड, किल्न क्लोज. प्रार्थनाघर, जत्रा, भट्टी. गावाच्या नावाशेवटी 'चेस्टर' किंवा 'कास्टर' असेल तर रोमन तळाचा संबंध, 'स्ट्रेटन' असेल तर जवळून रोमन रस्ता, हे ठोकताळे बऱ्याचदा खरे ठरतात.

लायडार म्हणजे विमानातून लेझरने केलेली जमिनीची मोजणी. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याने ती खुली ठेवली आहे. त्यात वीत-अर्धा वीत उंचवटेही उठून दिसतात. मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मध्यभागात, मध्ययुगीन नांगरटीचे लांबलचक वरंबे-सऱ्या असे दिसतात की कोणाचे शेत कुठे संपत होते ते आजही मोजता यावे. जिथे वरंबे एकदम थांबतात आणि चौकोनी खुणा सुरू होतात तिथे बहुधा घरे होती. उपग्रहचित्रे पाहताना जुन्या तारखाही चाळा. २०१८ च्या कोरड्या उन्हाळ्यात देशभर पिकांतून गाडलेल्या खंदकांच्या रेघा उमटल्या होत्या: खंदकावर ओल टिकते, पीक हिरवे राहते, भिंतीवर ते आधी पिवळे पडते.

शेतात गेल्यावर पहिली फेरी यंत्र बंद ठेवून. आपल्याकडे जुन्या वस्तीची माती पांढरी आणि कसण्याची काळी. इंग्लंडमधल्या नांगरलेल्या शेतात उलटे: राख, शेण, कुजलेले लाकूड मुरलेला वस्तीचा पट्टा आजूबाजूपेक्षा काळपट दिसतो. तिथे भांड्यांचे तुकडे, शिंपले, जळके दगड पडलेले दिसले तर त्या जागेची खूण करून ठेवा. डोळ्यांनी सापडलेल्या जागा यंत्राने सापडलेल्यांपेक्षा बहुतेकदा चांगल्या निघतात.

यंत्र: कोणते, आणि ते शिकायचे कसे

कोणते घ्यावे यावर रात्रभर वाद घालता येतो. मी एका परिच्छेदात संपवतो. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारे यंत्र घ्या. मिनलॅब, एक्सपी, नोक्ता या तिन्ही कंपन्यांची आहेत. कमी फ्रिक्वेन्सी मोठ्या आणि उत्तम वाहक वस्तूंना खोलवर पकडते, जास्त फ्रिक्वेन्सी लहान, पातळ वस्तूंना. दोन्ही एकत्र मिळाल्या की नवख्याची एक चिंता मिटते. हेडफोन हवेतच. हातात धरायचा पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यातली नेमकी जागा दाखवणारी छोटी कांडी, हवाच, तो नसेल तर निम्मा वेळ ढेकळे फोडण्यात जातो. वापरलेले चांगले यंत्र नव्या स्वस्त यंत्रापेक्षा बरे.

आता शिकणे. यंत्राच्या टोकाची तबकडी, म्हणजे कॉइल, जमिनीत चुंबकीय क्षेत्र सोडते, धातूत त्यामुळे प्रवाह फिरू लागतात आणि ते परत कॉइलला कळतात. परत येणारा सिग्नल किती उशिरा येतो यावरून यंत्र पडद्यावर आकडा दाखवते. आकडा धातूचे नाव सांगत नाही, एवढे पक्के लक्षात ठेवा. सोन्याची पातळ अंगठी आणि चॉकलेटची चांदी किंवा शीतपेयाच्या डब्याची कडी यांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. मध्ययुगीन अर्धी कापलेली पेनीसुद्धा तिथेच येते. आकड्यावर विसंबून मधला पट्टा बंद करणारा सोने बंद करतो.

म्हणून यंत्र कानाने शिका. परसात किंवा वाळूच्या पिंपात सराव करा. सरावासाठी नाणे निवडताना एक अडचण आहे: १९९२ च्या शेवटापासूनच्या एक आणि दोन पेनी पोलादाच्या आहेत, वर फक्त तांब्याचा मुलामा, आणि २०१२ पासून चलनात आलेल्या पाच-दहा पेनीही पोलादाच्याच. त्या चुंबकाला चिकटतात आणि यंत्रावर भलतेच बोलतात. चुंबकाला न चिकटणारी जुनी तांब्याची पेनी घ्या, नाहीतर वीस पेनी चालेल. ती पुरा, वरून कॉइल फिरवा, आवाज ऐका. मग शेजारी एक गंजका खिळा ठेवा. मग खिळा नाण्याच्या वर आडवा. नाण्याचा आवाज कधी गायब होतो, कोणत्या दिशेने फिरवल्यावर परत डोकावतो, हे शंभरदा ऐका. शेतात चांगले नाणे लोखंडाच्या आडच लपलेले असते, कारण जिथे माणसे राहिली तिथे खिळे पडलेच. जुन्या मंडळींनी पिंजून काढलेल्या शेतातही माल उरतो तो याच आडोशाला.

सेटिंग तीनच सांभाळा. जमिनीशी जुळवणी: धातू नसलेली जागा पाहून कॉइल वर-खाली हलवत ग्राउंड बॅलन्स करा, आणि माती बदलली की पुन्हा करा. संवेदनशीलता: कमाल ठेवण्याचा मोह होतो, यंत्र विनाकारण किरकिरत असेल तर शांत होईपर्यंत कमी करा. तिसरे, सिग्नलनंतर यंत्र किती चटकन पुढच्यासाठी मोकळे होते तो वेग. खिळे दाट असतील तिथे वेग जास्त आणि कॉइल लहान. मोकळ्या कुरणात वेग कमी, मग खोली वाढते. बाकीची बटणे वर्षभर विसरा.

चालणे, ऐकणे, खणणे

माती कशी आहे यावर दिवस ठरतो. ताजी नांगरट वाईट: मोठमोठी ढेकळे, मध्ये पोकळ्या, कॉइल जमिनीपासून वीतभर वर. कापणीनंतरची धसकटे जेमतेम. पेरणी करून रोलर फिरवलेले सपाट शेत सर्वोत्तम, पण तिथे शेतकऱ्याला पुन्हा विचारूनच जा, आणि कोंब वर आले की बाहेर. पाऊस पडून गेल्यावर वाफसा आला की त्या दिवशी घरी बसू नका. ओलसर मातीत सिग्नल स्पष्ट येतात, आणि खणणेही सोपे.

कॉइल जमिनीला समांतर आणि जवळजवळ टेकलेली. हात झोपाळ्यासारखा दोन्ही टोकांना वर जातो ही सर्वांची खोड. टोकाशी दहा सेंटिमीटर उंची म्हणजे तेवढी खोली गमावली. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढलेला हवा. नाण्याएवढी वस्तू चांगल्या यंत्रालाही वीस-पंचवीस सेंटिमीटरपलीकडे क्वचित दिसते, आणि त्या खोलीवर कॉइलखालचा झोत टोकदार होतो. भराभर चालणाऱ्याच्या दोन फेऱ्यांमध्ये नाणे सुरक्षित झोपलेले असते.

शेत फार मोठे असेल तर सगळे एकदम पुरे करायला जाऊ नका. आधी वीस-तीस पावलांच्या अंतराने तिरक्या रेघा चाला. दोन-तीन बरे सिग्नल जवळजवळ आले की तिथे थांबा, दोरी-खुंटीने घराएवढी जागा आखा, आणि ती आधी उत्तर-दक्षिण, मग पूर्व-पश्चिम चाला. दिशा बदलली की त्याच जागेत नवे सिग्नल निघतात, ते आडव्या खिळ्यामागचे.

सिग्नल मिळाला की दोन्ही बाजूंनी सारखाच येतो का बघा. मग नव्वद अंशात फिरून पुन्हा. आकडा उड्या मारत असेल, एका दिशेने गोड आणि दुसऱ्या दिशेने फुटका आवाज असेल तर बहुतेक वाकडा खिळा. पण नव्या शेतात पहिल्या काही फेऱ्यांत शंकास्पदही खणा. त्या शेतातले लोखंड कसे बोलते हे दुसऱ्या कुठल्याही मार्गाने कळत नाही.

नांगरलेल्या शेतात फावड्याने सिग्नलपासून हातभर लांबून ढेकूळ उचला. थेट वर घातलेल्या फावड्याने नाण्याचे दोन तुकडे होतात. कुरणात तीन बाजूंनी कापून चौथी बिजागरीसारखी जोडलेली ठेवा, झाकण उलटा, माती कापडावर काढा, वस्तू मिळाल्यावर पुन्हा यंत्र फिरवा कारण एका खड्ड्यात दोन असतात, मग सगळे परत भरून पायाने दाबा. मेंढीचा पाय अडकेल असा खड्डा ठेवणाऱ्याला दुसऱ्यांदा परवानगी मिळत नाही. कचराही खिशात घालून न्या. फेकलेला खिळा पुढच्या फेरीत पुन्हा खणावा लागतो.

नांगराचा फाळ पोहोचतो तेवढीच खोली आपली. ती साधारण वीस ते तीस सेंटिमीटर. त्याखालची माती कोणी हलवलेली नाही, आणि त्यातल्या वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी पडल्या आहेत यालाच किंमत आहे. सिग्नल त्याखालून येत असेल तर खणणे बंद.

काही शेतांवर शहरातल्या ओल्या कचऱ्याचे खत टाकलेले असते, त्यात ॲल्युमिनियमचे बारीक तुकडे लाखोंनी. अशा शेतात वेळ घालवू नका, मालकाला दुसरे शेत विचारा. आणि धनुर्वाताची लस घेतलेली असू द्या, वासरे जवळ असलेल्या गाईंपासून दूर राहा. बॉम्बगोळ्यासारखे काही दिसले तर हात न लावता मागे सरून ९९९ ला फोन. दोन महायुद्धांच्या सरावाचा माल या शेतांत अजून आहे.

वही

नोंद ठेवणे म्हणजे कायद्याचा जाच, असे समजणारे पुष्कळ आहेत. माझ्या दृष्टीने पुढच्या फेरीत कुठे चालायचे हे फक्त वहीच सांगते.

प्रत्येक वस्तू वेगळ्या लहान पिशवीत, पिशवीवर क्रमांक, आणि खड्डा बुजवण्याआधी त्या जागेचा ग्रिड क्रमांक, म्हणजे नकाशावरचा आकडी पत्ता. ऑर्डनन्स सर्व्हेचे ओएस लोकेट ॲप फुकट आहे. आठ अंकी क्रमांक दहा मीटरच्या चौकोनापर्यंत नेतो, दहा अंकी एक मीटरपर्यंत. सोबत खोली आणि वस्तूचे चार शब्दांत वर्णन. कचऱ्याचीही ढोबळ नोंद ठेवा: "आग्नेय कोपऱ्यात हाती घडवलेले खिळे फार" ही ओळ कधीकधी नाण्यापेक्षा मोलाची असते.

घरी आल्यावर हे बिंदू नकाशावर टाका, काळानुसार रंग वेगळे करून. हळूहळू आकार दिसू लागतो. शिशाच्या बंदुकीच्या गोळ्या, बटणे, जॉर्ज राजांच्या (अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या) काळातली तांब्याची नाणी शेतभर विरळ पसरली असतील तर ते खत. मध्ययुगीन नाणी एका रेघेत असतील तर ती बुजलेली वाट. तिला दोन्ही टोकांकडे वाढवा आणि ती ओढ्याला कुठे भेटत असेल ते बघा, कारण उताराच्या जागी लोक थांबत, पैसे देत, पाडत. रोमन काळातली हिरवट बारकी नाणी, शिशाचे वजन, ब्रोचचा तुकडा एका तीस मीटरच्या पट्ट्यात येत असतील तर तुमचे वर्षभराचे काम ठरले. याउलट रिकामी जागाही माहिती देते. आठ फेऱ्यांनंतर ज्या कोपऱ्यात काहीच नाही तिथे बहुधा पाणथळ होते, तिकडे वेळ घालवायचा नाही.

ओळखणेही याच वहीतून येते. हातोड्याने पाडलेल्या इंग्लिश चांदीच्या पेनी, १६६२ मध्ये यंत्राची टांकसाळ कायमची रुळण्याआधीच्या, शिवराई पाहिलेल्या माणसाला चटकन उमजतात. ठसा मोठा, चकती लहान, म्हणून लेखातली काही अक्षरे नाण्याबाहेरच राहतात. शिवराईवर अख्खे 'श्री राजा शिव' दिसणे जसे भाग्याचे, तसेच इथे राजाचे पूर्ण नाव. पेनी मिळेल ती जेमतेम दीड ग्रॅमची, नखाएवढी. १७९७ ची मॅथ्यू बोल्टनच्या कारखान्यातली कार्टव्हील पेनी मात्र एक औंस तांब्याची. तिचा सिग्नल कान फाडतो. चांदीच्या नाण्यांत १९२० आधीचे स्टर्लिंग (साडेब्याण्णव टक्के चांदी), १९२० ते १९४६ निम्मी चांदी, १९४७ पासून चांदी नाही.

वही भरत आली की ती पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या तुमच्या जिल्ह्यातल्या फाइंड्स लायझन ऑफिसरकडे, म्हणजे सापडलेल्या वस्तू नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, घेऊन जा. १९९७ मध्ये काही भागांत सुरू झालेली ही योजना २००३ पासून सगळ्या इंग्लंड-वेल्सभर आहे आणि ब्रिटिश म्युझियम ती वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयासोबत चालवते. तीनशे वर्षांपूर्वीच्या साध्या वस्तूसुद्धा ते पाहतात, ओळखून देतात, नोंदवतात आणि परत करतात. फुकट. ऑफिसरशी ओळख झाली की तो तुमच्या बिंदूंकडे बघून जे सांगतो ते कोणत्याही पुस्तकात नसते. त्यांची वस्तूंची माहिती सर्वांसाठी खुली असते, त्यामुळे शेजारच्या गावात कोणत्या काळाच्या वस्तू निघाल्या हे घरबसल्या कळते, आणि आपल्या शेताचा अंदाज बांधता येतो.

घबाड दिसले तर

१९९६ च्या ट्रेझर ॲक्टनुसार काही वस्तू कळवाव्याच लागतात. तीनशे वर्षांहून जुनी, वजनाच्या किमान दहा टक्के सोने-चांदी असलेली वस्तू. त्याच वयाची, एकाच ठेव्यातली सोन्या-चांदीची दोन किंवा अधिक नाणी. तांब्या-पितळेची असतील तर दहा. प्रागैतिहासिक धातूच्या दोन वस्तू एकत्र. जुलै २०२३ पासून दोनशे वर्षांहून जुनी, अपवादात्मक महत्त्वाची धातूची वस्तूही त्यात आली. एकटे नाणे सहसा येत नाही. मुदत चौदा दिवसांची, आणि व्यवहारात लायझन ऑफिसरला कळवले की पुढचे तो बघतो. संग्रहालयाला वस्तू हवी असेल तर समिती किंमत ठरवते आणि बक्षीस साधारणपणे शोधणारा आणि जमीनमालक यांत वाटले जाते. वर्षभर किंवा जास्त लागते.

एका खड्ड्यातून लागोपाठ नाणी येऊ लागली तर हात बाहेर काढा. १९९२ मध्ये सफकमधल्या हॉक्सने गावी एरिक लॉज हे शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधत होते. चांदीचे चमचे आणि सोन्याची नाणी निघू लागताच त्यांनी खणणे थांबवून कळवले. पुरातत्त्वज्ञ दुसऱ्याच दिवशी आले, म्हणून तो उशिराच्या रोमन काळातला पंधरा हजारांच्या आसपास नाण्यांचा ठेवा पेटीत कसा रचला होता हेही कळले. हातोडाही सापडला, आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. २०१० मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प यांनी मडक्याचे तोंड लागताच हात आखडता घेतला. आत ५२,५०३ रोमन नाणी होती. ती थराथराने काढल्यामुळे नंतरच्या काळातली पुष्कळ नाणी खाली होती हे दिसले, म्हणजे मडके वर्षानुवर्षे साठवून भरलेले नव्हते. बादलीत ओतून घरी नेली असती तर उरले असते फक्त ५२,५०३ नग.

उलट टोक २०१५ चे. हेरफर्डशरमध्ये लेमिन्स्टरजवळ दोघांनी व्हायकिंग काळातला ठेवा शोधला आणि लपवून विकायला काढला. २०१९ मध्ये वूस्टरच्या न्यायालयाने एकाला १० आणि दुसऱ्याला साडेआठ वर्षांची शिक्षा दिली, अपिलात ती कमी झाली. सुमारे तीनशे नाण्यांपैकी थोडीच परत मिळाली. रीतसर कळवले असते तर कायद्यानेच त्यांना मोठी रक्कम मिळाली असती. लोभ आणि गणित यांची जुळणी होत नाही ती अशी.

धुवायचे की नाही

आपल्या घरातली तांब्या-पितळेची भांडी चिंच, लिंबू, मीठ, पितांबरीने लखलखतात, आणि हात शिवशिवतात ते त्याच सवयीने. शेतातल्या नाण्यावर शेकडो वर्षांत बसलेला हिरवा-तपकिरी थर म्हणजेच त्याचे अक्षर. मूळ धातू गंजून गेलेला असतो, ठशाची रेषा त्या थरातच टिकलेली असते. चिंचेने तो गेला की उरतो गुळगुळीत लालसर तुकडा. शेतातच अंगठ्याने चोळून "कोणता राजा" बघण्याचा मोहही तितकाच घातक. मातीतली वाळू चांदीवर ओरखडे काढते.

चांदी-सोने साध्या डिस्टिल्ड पाण्यात भिजवून हलके हलवा, पुरे. तांबे आणि कासे पाण्याशिवाय सुकू द्या, मग मऊ ब्रशने किंवा लाकडी टोकाने सुटी माती काढा. फिकट हिरवी भुकटी दिसू लागली तर तो कांस्यरोग, म्हणजे धातू खात जाणारा गंज. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा आणि लायझन ऑफिसरला दाखवा. लोखंडही असेच कोरडे. शिसे ओकच्या लाकडी कपाटात ठेवू नका, लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने ते पांढरे पडून झडते. ट्रेझर ठरेल अशी शंका असलेल्या वस्तूला काहीच करू नका, मातीसकट न्या.

पीक उभे असताना

मेपासून कापणीपर्यंत बहुतेक शेते बंद. काही जण या काळात समुद्रकिनारी जातात. खाऱ्या ओल्या वाळूत अनेक फ्रिक्वेन्सींचे किंवा पल्स इंडक्शनचे (थांबून थांबून क्षेत्र सोडणारे) यंत्रच शांत चालते, आणि किनारा कोणाच्या मालकीचा हे आधी पाहावे लागते. लंडनमध्ये थेम्सच्या काठी पोर्ट ऑफ लंडन अथॉरिटीच्या परवान्याशिवाय उकरता येत नाही.

मला विचाराल तर हे तीन महिने वहीचे. हिवाळ्याचे बिंदू पुन्हा तपासा, जुन्या नकाशावर ठेवून बघा, काउंटी अभिलेखागारात जाऊन त्या शेताची टाइथ यादी काढा. शेतकऱ्याकडे एक चक्कर मारा, वर्षभरात त्याच्या जमिनीतून निघालेल्या वस्तू छोट्या डबीत नावनिशी लावून द्या. बटण आणि गोळ्याच असल्या तरी त्याला आवडतात. यंदा जव कुठे आहे आणि गहू कुठे, हेही तेव्हाच विचारून घ्या. हिवाळी जव आधी कापले जाते, म्हणजे तुमचे शेत जुलैच्या शेवटीच मोकळे होऊ शकते.